हरीण सगळ्यांचं, कुंपण कुणाचं?

अमेरिकेतल्या टेक्सास राज्यात दर शंभर एकरांतली पंच्याण्णव एकरांहून जास्त जमीन खासगी मालकीची आहे. त्याच टेक्सासचा कायदा सांगतो की, शिकारीचे प्राणी किंवा मासे जिथे वावरतात अशा कुठल्याही जमिनीवर किंवा पाण्यात गेम वॉर्डन आपल्या कामासाठी जाऊ शकतो. आता टेक्सासमध्ये हरणं कुठे वावरत नाहीत? म्हणजे जवळजवळ अख्खं राज्य या साधारण साडेपाचशे वॉर्डनांसाठी खुलं आहे. कुंपण असो, कुलूप असो, फाटकावर ‘आत येऊ नये’ची पाटी असो.

गेम वॉर्डन म्हणजे आपल्याकडचा वनरक्षक आणि फौजदार एकाच गणवेशात. कमरेला पिस्तूल, हातात चलनबुक, गाडीत दुर्बीण. काही राज्यांत त्याला कॉन्झर्व्हेशन ऑफिसर म्हणतात, काही राज्यांत वाइल्डलाइफ ऑफिसर. तिकडे परवाना काढून, ठरलेल्या हंगामात, ठरलेल्या संख्येत शिकार करणं कायदेशीर आहे. ती तशीच होते आहे ना, हे बघणं हे त्याचं काम. आणि हे काम बहुतेक वेळा दुसऱ्याच्या शेतात, माळावर, खासगी जंगलात करावं लागतं. तिथेच सगळी गंमत सुरू होते आणि सगळी भांडणंही.

एका कोल्ह्यावरून गेलेला खटला

मुळात रानातला प्राणी कुणाचा? अमेरिकेत कायदा शिकणाऱ्या जवळजवळ प्रत्येक विद्यार्थ्याला हा प्रश्न एका कोल्ह्यामार्फत भेटतो. न्यूयॉर्क राज्यात लाँग आयलंडवर पोस्ट नावाचे गृहस्थ शिकारी कुत्रे घेऊन एका कोल्ह्यामागे लागले होते. कोल्हा दमला, हाती येणार इतक्यात पिअर्सन नावाचा दुसरा माणूस मध्ये आला, त्याने कोल्हा मारला आणि उचलून नेला. पोस्ट कोर्टात गेले. १८०५ साली निकाल पिअर्सनच्या बाजूने लागला. नुसतं मागे धावल्याने रानटी जनावर तुमचं होत नाही, ते ताब्यात यावं लागतं. बहुमताचा निकाल लिहिणारे न्यायाधीश डॅनियल टॉम्पकिन्स पुढे देशाचे उपराष्ट्राध्यक्ष झाले.

या निकालाचा एक मोठा परिणाम जमीनमालकांच्या सहसा ध्यानात येत नाही. माझ्या शेतात चरणारं हरीण ‘माझं’ नाही. ते माझं गवत खातं, माझा मका तुडवतं, माझ्या ओढ्यावर पाणी पितं, तरी ते माझं नाही. १८९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कनेक्टिकटच्या एका खटल्यात वन्यजीवांवर राज्याची मालकी मान्य केली. १९७९ मध्ये ओक्लाहोमातल्या चिमुकल्या मिनो माशांच्या खटल्यात त्याच न्यायालयाने ती ‘मालकी’ म्हणजे कायद्यातली एक कल्पना असल्याचं सांगून जुना निकाल रद्द केला. तरी मुख्य विचार शिल्लक राहिला. वन्यजीव ही सगळ्या जनतेची ठेव आहे आणि राज्य तिचं विश्वस्त आहे. विश्वस्ताला ठेव तपासायला जावं लागतं. आणि ठेव बसलेली असते कुणाच्या तरी बांधाआड.

एक न्यायाधीश, तीन निकाल, चार वर्षं

या विषयातली मला सगळ्यात आवडणारी गोष्ट सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती ऑलिव्हर वेंडेल होम्स यांची आहे. १९२० ते १९२४ या काळात त्यांनी लिहिलेले तीन निकाल शेजारी ठेवून वाचले की आजच्या वॉर्डनचं अख्खं जग त्यात दिसतं.

पहिला १९२० चा. कॅनडाबरोबरच्या पक्षी-करारानुसार अमेरिकेने १९१८ मध्ये स्थलांतरित पक्ष्यांच्या रक्षणाचा कायदा केला होता. मिसूरी राज्य म्हणालं, आमच्या हद्दीतले पक्षी आमचे, दिल्लीने… म्हणजे त्यांच्या वॉशिंग्टनने मध्ये पडू नये. दावा ठोकला तो केंद्राच्या गेम वॉर्डनवर. त्यांचं नाव रे हॉलंड. या हॉलंडनी बदकांच्या बेकायदा शिकारीबद्दल खुद्द मिसूरीच्या ॲटर्नी जनरललाच पकडलं होतं! होम्स यांनी हॉलंड यांच्या बाजूने निकाल दिला. आज इथे आणि उद्या हजार मैलांवर असणाऱ्या पाखरावर कुठलं एक राज्य मालकी सांगणार, असा त्यांच्या म्हणण्याचा गाभा होता. हे हॉलंड पुढे ‘फील्ड अँड स्ट्रीम’ या शिकारी-मासेमारीच्या नावाजलेल्या मासिकाचे संपादक झाले.

दुसरा १९२२ चा. हाही मिसूरीतलाच, पण शिंपल्यांचा. एकाने दुसऱ्याच्या जमिनीवरच्या पाण्यातून शिंपले काढले. होम्स यांनी तिथे एक फार माणुसकीची गोष्ट नोंदवली. या देशात कुंपण नसलेल्या, नांगर न लागलेल्या मोठमोठ्या जमिनींवर लोक हिंडतात, शिकार करतात, मासे धरतात आणि मालकाने मनाई करेपर्यंत ते चालतं, असा रिवाज आहे. म्हणजे रिवाजातूनही एक प्रकारची परवानगी मिळते. इंग्लंडमध्ये १६७१ च्या कायद्याने जमीनदारांच्या गेमकीपरना गरिबांच्या घरात शिरून बंदुका आणि जाळी शोधण्याचा अधिकार दिला होता. ज्यांच्याजवळ पुरेशी जमीन नाही त्यांना शिकारच बंद होती. अमेरिकेत स्थायिक झालेल्यांना ते नको होतं. व्हरमाँटने १७७७ च्या आपल्या संविधानातच लिहून टाकलं की, रहिवाशांना स्वतःच्या आणि कुंपण न घातलेल्या दुसऱ्यांच्या जमिनीवर योग्य हंगामात शिकार करण्याची मुभा राहील. ते कलम आजही आहे.

आणि तिसरा १९२४ चा. दारूबंदीचे दिवस. साउथ कॅरोलायनात महसूल खात्याचे अधिकारी एका घरापासून पन्नास ते शंभर यार्डांवर लपून बसले होते. हेस्टर नावाच्या माणसाने कुणाला तरी बाटली दिलेली त्यांनी पाहिली. गलका झाला. हेस्टरने गाडीतून गॅलनभर दारूचा जग उचलला आणि पळत सुटला. अधिकाऱ्याने गोळी झाडली, जग खाली पडून फुटला, पण तळाशी अंदाजे क्वार्टभर दारू राहिली. तेवढा पुरावा पुरला. अधिकाऱ्यांकडे वॉरंट नव्हतं. होम्स म्हणाले, संविधानाच्या चौथ्या दुरुस्तीने माणूस, त्याचं घर, त्याची कागदपत्रं, त्याच्या वस्तू यांना संरक्षण दिलं आहे. उघड्या शेताला ते लागू नाही.

झालं. हा छोटासा निकाल म्हणजे ‘ओपन फील्ड्स’ या तत्त्वाचा पाया. हातभट्टीच्या एका फुटक्या जगाने पुढची शंभर वर्षं वॉर्डनला शेताचं फाटक उघडून दिलं.

दारूनंतर गांजा

१९८४ मध्ये हेच तत्त्व पुन्हा तपासलं गेलं. या वेळी केंटकीत. पोलिस एका शेतावर आले, तर फाटकाला कुलूप आणि वर मनाईची पाटी. बाजूने पायवाट होती, तिने ते आत गेले आणि घरापासून मैलभराहून लांब गांजाचं पीक सापडलं. सर्वोच्च न्यायालयाने सहा विरुद्ध तीन मतांनी सांगितलं की कुलूप आणि पाटी असली तरी उघड्या शेताला चौथी दुरुस्ती लागू होत नाही. न्यायमूर्ती थर्गूड मार्शल यांनी याला कडाडून विरोध केला.

दोन्ही खटल्यांत एकही हरीण नाही, हे मला विलक्षण वाटतं. शिकारीच्या जमिनीवर वॉर्डनचा हक्क काय, हे एका दारूवाल्याच्या आणि एका गांजावाल्याच्या प्रकरणात ठरलं. ज्यांच्यावर त्याचा रोज परिणाम होतो ते शेतकरी, पशुपालक आणि शिकारी क्लब त्या कोर्टात नव्हतेच.

मग वॉर्डन थांबतो कुठे? घरापाशी. आणि घराच्या अंगण-परसापाशी. अंगण कुठे संपतं हे १९८७ मध्ये टेक्सासच्या एका गोठा-वखारीवरून ठरलं. न्यायालयाने चार गोष्टी बघायला सांगितल्या: ती जागा घरापासून किती लांब आहे, घराभोवतीच्या कुंपणाच्या आत आहे का, तिचा वापर कशासाठी होतो, आणि बाहेरच्यांच्या नजरेपासून ती झाकायला मालकाने काय केलं आहे. ती वखार घरापासून साठ यार्डांवर होती. ती अंगणाबाहेर पडली.

इन्स्टिट्यूट फॉर जस्टिस या संस्थेने २०२४ मध्ये मांडलेल्या हिशेबानुसार अमेरिकेतल्या खासगी जमिनीचा निदान ९६ टक्के भाग या उघड्या शेतात मोडतो. ही संस्था जमीनमालकांच्या बाजूने खटले लढवते, हे लक्षात ठेवून हा आकडा वाचावा. पण अंगणाची व्याख्या इतकी आखूड असेल तर आकडा मोठा येणारच.

राज्यांनी ओढलेली रेघ

सर्वोच्च न्यायालयाने सूट दिली तरी राज्यं आपल्या संविधानाच्या आधारे नागरिकाला जास्त संरक्षण देऊ शकतात. काहींनी दिलं. वॉशिंग्टन राज्य, ओरेगन, न्यूयॉर्क, मोंटाना, व्हरमाँट यांनी निरनिराळ्या खटल्यांत सांगितलं की, कुंपण घातलं आहे, पाट्या लावल्या आहेत, म्हणजे मालकाने आपली इच्छा स्पष्ट सांगितली आहे आणि सरकारी माणसालाही तिचा मान ठेवावा लागेल.

मोंटानाचा १९९५ चा खटला एल्क नावाच्या भल्यामोठ्या हरणाच्या शिकारीचा होता. व्हरमाँटच्या सर्वोच्च न्यायालयापुढे २०१८ मध्ये आलेलं प्रकरणही थेट वॉर्डनचं होतं. हरणाच्या बेकायदा शिकारीच्या तपासासाठी तो पाट्या लावलेल्या जमिनीत शिरला होता. न्यायालयाने जमीनमालकाची बाजू घेतली. ज्या व्हरमाँटच्या संविधानात शिकारीची मुभा लिहिलेली आहे, त्याच व्हरमाँटमध्ये पाटीलाही इतकं वजन आहे. मला यात विरोध दिसत नाही. रिवाज मालक बोलेपर्यंत चालतो, असं होम्सनीच शिंपल्यांच्या निकालात म्हटलं होतं.

पेनसिल्व्हेनिया उलट्या बाजूला उभं राहिलं. तिथला २००७ चा खटला एका अस्वलाचा होता. सफरचंदाचा चोथा टाकून अस्वलाला चटक लावली आणि मग ते मारलं, असा आरोप होता. अधिकारी वॉरंटशिवाय त्या जमिनीत गेला होता. राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने ते मान्य केलं. पुढे २०२१ मध्ये याच मुद्द्यावर दोन शिकारी क्लबांनी राज्याच्या गेम कमिशनवर दावा लावला. त्यातला एक पंक्सटॉनी हंटिंग क्लब. हो, तेच पंक्सटॉनी, जिथे दर फेब्रुवारीत बिळातून काढलेलं ग्राउंडहॉग वसंत कधी येणार ते सांगतं!

झाडावरचा डोळा आणि अस्वलाच्या गळ्यातला

टेनेसीच्या बेंटन काउंटीत भांडण वेगळ्या कारणावरून पेटलं. दोन जमीनमालकांचं म्हणणं होतं की वन्यजीव खात्याचे अधिकारी मनाईच्या पाट्या ओलांडून पुन्हा पुन्हा त्यांच्या जमिनीत येतात आणि झाडांवर कॅमेरेही लावून जातात. ज्याच्यावर कॅमेरा रोखला आहे त्या मालकाला पत्ता नाही आणि कुठल्या न्यायाधीशालाही विचारलेलं नाही. २०२४ मध्ये तिथल्या अपील न्यायालयाने या झडत्यांना राज्याच्या संविधानाविरुद्ध ठरवलं. निकाल देताना न्यायालयाला क्रांतीपूर्व बोस्टनमधले ब्रिटिश जकात अधिकारी आठवले. तेही असेच मनाला येईल तेव्हा, मनाला येईल तिथे शिरायचे आणि त्या चिडीतूनच पुढे चौथी दुरुस्ती जन्मली.

कनेक्टिकटमध्ये तर २०२३ मध्ये एका जोडप्याने थेट फेडरल कोर्टात दावा लावला. त्यांची तक्रार अशी की पर्यावरण खात्याने त्यांच्या रानात येणाऱ्या अस्वलाच्याच गळ्यात कॅमेरा अडकवला!

माझं मत इथे स्पष्ट आहे. हंगामात बंदुकीचा आवाज आला, वॉर्डन चालत गेला, परवाना बघितला, पिशवीतली बदकं मोजली, निघून आला, याला वॉरंट मागणं म्हणजे कायदाच मोडीत काढणं. बदकं मोजायला न्यायाधीशाची सही घेऊन येईपर्यंत बदकं शिजलेली असतील. पण झाडावर कॅमेरा टांगून महिनोन्‌महिने एखाद्या कुटुंबाच्या जमिनीवर नजर ठेवणं ही तपासणी राहत नाही, ती पाळत होते. त्यासाठी न्यायाधीशाची परवानगी हवीच. पहिल्या कामाचा अधिकार दुसऱ्या कामासाठी वापरला की गावोगाव वॉर्डनविषयी अढी बसते आणि ती अढी निघायला पुढची पिढी उजाडते.

दहा दिवसांचं भूत

वॉर्डनला अगोदर जाऊन बघावं का लागतं, याचं उत्तम उत्तर मक्याच्या दाण्यांत आहे. स्थलांतरित पक्ष्यांना दाणे टाकून बोलवायचं आणि मग मारायचं, याला केंद्राच्या नियमात बंदी आहे. दाणे उचलले तरी पूर्ण सफाईनंतर दहा दिवस ती जागा ‘आमिष टाकलेली’च मानली जाते, कारण पाखरांना सवय लागलेली असते. म्हणून वॉर्डन हंगाम उघडायच्या आधी तळ्याकाठी फिरतात, कधी विमानातूनही बघतात. हंगामाच्या दिवशी गेलात तर पुरावा पाखरांनी खाल्लेला असतो.

यात शेतकऱ्यासाठी एक बारीक कात्री आहे. उभं पीक कापून दाणे शेतातच पसरले, तर त्यावर येणाऱ्या होल्यांची शिकार चालते, बदकांची चालत नाही. एकच शेत, एकच मका, पक्षी बदलला की गुन्हा. असा नियम शिकाऱ्याला आणि शेतकऱ्याला आधी कोण समजावणार? जो वॉर्डन ऑगस्टमध्ये ओट्यावर बसून हे सांगून जातो, त्याला नोव्हेंबरमध्ये चलनं कमी फाडावी लागतात.

जांभळी रेघ

‘आत येऊ नये’च्या पाट्या वाऱ्याने उडतात, लोक त्यांवर नेम धरून गोळ्या झाडतात, काहीजण सरळ उपटून नेतात. मग आर्कान्साने १९८९ मध्ये तोडगा काढला. झाडावर किंवा खांबावर जांभळा रंग मारा, तीच मनाईची पाटी. टेक्सासने १९९७ मध्ये तो उचलला आणि मापंही ठरवली. रेघ उभी हवी, निदान आठ इंच लांब आणि एक इंच रुंद, जमिनीपासून तीन ते पाच फुटांच्या दरम्यान. जंगलात दोन खुणांत शंभर फुटांपेक्षा जास्त अंतर नको, मोकळ्या रानात हजार फुटांपेक्षा. आज अनेक राज्यांत हा रंग चालतो. पेनसिल्व्हेनियात तो २०२० पासून लागू झाला.

नॉर्थ डकोटा आणखी पुढे गेलं. तिथे पाटी नसेल तर जमीन शिकारीला खुली, असा जुना नियम. २०२१ मध्ये मालकांना ऑनलाइन मनाई नोंदवायची सोय झाली. खांब नको, खिळे नकोत, रंगही नको.

कुत्रा पळाला, मालक मागे

जखमी हरीण कुंपण ओलांडून शेजारच्या रानात पडलं तर? राज्यागणिक उत्तर बदलतं. मिनेसोटात परवानगीशिवायही पायी जाऊन कायदेशीर मारलेलं जखमी जनावर आणता येतं. मालकाने बजावलं, तर निघून यावं लागतं.

व्हर्जिनियाचा कायदा तर कुत्र्यांच्या प्रेमातून लिहिल्यासारखा वाटतो. कोल्हा आणि रकून यांच्या शिकाऱ्यांना आपल्या कुत्र्यांच्या मागे मनाई असलेल्या जमिनीतही जाता येतं. इतर शिकाऱ्यांना पाठलाग दुसरीकडे सुरू झाला असेल तर आपले कुत्रे, ससाणे, बहिरी ससाणे आणि घुबडंसुद्धा परत आणायला जाता येतं, मात्र बंदूक किंवा धनुष्य बरोबर नको आणि मालकाच्या परवानगीशिवाय गाडी नको. मालकाने नाव विचारलं तर सांगावं लागतं. तिथल्या जमीनमालकांना हा नियम अनेक वर्षं खुपतो आहे. मला त्यांची बाजू पटते. कुत्र्याला पाटी वाचता येत नाही हे खरं, पण कुत्रा कुठे सोडायचा हे माणूस ठरवतो.

टायटॅनिकच्या चौकशीतला वॉर्डन

आता थोडं खुद्द वॉर्डनविषयी. अमेरिकेतला पहिला पगारी राज्य गेम वॉर्डन मिशिगनमध्ये १८८७ साली नेमला गेला. त्यांचं नाव विल्यम ऑल्डन स्मिथ. पुढे ते सिनेटर झाले आणि १९१२ मध्ये टायटॅनिक बुडाल्यावर अमेरिकन सिनेटची जी चौकशी झाली, तिचे अध्यक्ष हेच होते. तळ्याकाठी बेकायदा जाळी पकडणाऱ्या खात्यातला माणूस पुढे जगातल्या सगळ्यात गाजलेल्या बोटीचा हिशेब मागायला बसला.

रोबो-हरीण

रस्त्यावरून गाडी चालवताना शेतात उभ्या हरणावर खिडकीतून गोळी झाडणं हा तिकडचा जुना रोग. तो जमीनमालकाला सगळ्यात जास्त छळतो, कारण गोळी पुढे कुठे जाईल याचा नेम नसतो. गोठ्यात, गुरांत, घरात. यावर उपाय म्हणून वॉर्डन खऱ्या कातड्याचं, मान हलवणारं, शेपूट उडवणारं रोबो-हरीण शेतात उभं करतात आणि झाडीत लपून बसतात. अशी हरणं बनवणारा एक कारखाना विस्कॉन्सिनमध्ये आहे. प्राणिप्रेमी संस्थांनीही ही हरणं वॉर्डनांना भेट दिली आहेत.

शेताचा मालक आणि वॉर्डन एका बाजूला बसून एकाच चोराची वाट बघतात, असे प्रसंग या नात्यात पुष्कळ आहेत, बातम्यांत मात्र कमी येतात. न्यू मेक्सिकोने १९७७ मध्ये ‘ऑपरेशन गेम थीफ’ नावाची चोरून शिकार करणाऱ्यांची खबर देण्याची फोन लाइन सुरू केली. नाव गुप्त, खबर खरी निघाली तर बक्षीस. बहुतेक राज्यांनी ती उचलली. अशा फोनांतली बरीचशी खबर शेतकऱ्यांकडूनच येणार हे उघड आहे. रात्री दोनला आपल्या बांधावर दिवे कुणाचे चमकले, हे आधी त्यांनाच दिसतं.

शिडीवरून गेलेले चौघे

वायोमिंगच्या काही भागांत जमीन बुद्धिबळाच्या पटासारखी वाटलेली आहे: एक चौरस मैल सरकारी, एक खासगी, पुन्हा एक सरकारी. १८६२ नंतर रेल्वे कंपन्यांना रुळांलगत एक सोडून एक तुकडा दिला, त्याचा हा वारसा. दोन सरकारी तुकडे फक्त कोपऱ्यात एकमेकांना टेकतात. त्या कोपऱ्यातून पाय टाकला तर शेजारच्या खासगी हवेतून अंग जातं. तो गुन्हा की नाही?

२०२१ मध्ये मिसूरीचे चार शिकारी एल्क माउंटनवर एक शिडी घेऊन आले. एका सरकारी तुकड्यात शिडीचा एक पाय, दुसऱ्या सरकारी तुकड्यात दुसरा. खासगी मातीला बूटसुद्धा लागला नाही. त्यांच्यावर फौजदारी खटला झाला आणि ज्यूरीने २०२२ मध्ये त्यांना निर्दोष सोडलं. मालकाच्या दिवाणी दाव्यात मार्च २०२५ मध्ये दहाव्या सर्किट अपील न्यायालयानेही शिकाऱ्यांची बाजू घेतली आणि त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाने त्यात हात घालायला नकार दिला. आधार होता १८८५ चा एक कायदा, जो सार्वजनिक जमिनीची वाट अडवणाऱ्या कुंपणांविरुद्ध केला होता. ऑनएक्स या नकाशा कंपनीच्या मोजणीनुसार अशा कोपऱ्यांत अडकलेली सार्वजनिक जमीन ८३ लाख एकर आहे.

आपल्याकडे

आपल्या देशात शिकार बंद आहे, तरी प्रश्नाचं मूळ तेच. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या ५० व्या कलमाने वन अधिकाऱ्याला वाजवी संशय असेल तर जागेत, जमिनीत, वाहनात शिरून झडती घेण्याचा अधिकार दिला आहे. आणि सातबारावर नाव असलेल्या माणसाची चीड आपल्याकडेही आहे. सोलापूरजवळच्या नान्नजच्या माळढोक अभयारण्याचं उदाहरण घ्या. १९७९ मध्ये घोषित झालेलं हे अभयारण्य आठ हजार चौरस किलोमीटरहून मोठं होतं आणि त्यात शेतकऱ्यांची गावंच्या गावं आली. लोकांच्या उद्योगांवर बंधनं आली, विरोध वाढला आणि शेवटी ते सुमारे बाराशे चौरस किलोमीटरवर आणावं लागलं. माळढोकाला माळ हवा होता, तो माळ लोकांचा होता, आणि लोकांशी बोलणी उशिरा झाली. ज्या भागात पाखरू उरलंच नाही तिथे बंधनं कशासाठी, हा शेतकऱ्याचा प्रश्न रास्त होता.

फाटकाआधी दार

अमेरिकेत हे बोलणं काही ठिकाणी पद्धतशीर केलं गेलं आहे. मोंटानाने १९८५ मध्ये ‘ब्लॉक मॅनेजमेंट’ सुरू केलं. पशुपालक आपली जमीन शिकाऱ्यांना खुली करतो, शिकारी वहीत नाव लिहून आत जातात, राज्य मालकाला मोबदला देतं आणि वॉर्डन तिथे गस्त घालतात. आज सुमारे सत्तर लाख एकर जमीन यात आहे. कॅन्ससने १९९५ पासून अशीच योजना चालवली आणि दहा लाख एकरांच्या पुढे नेली. शिकाऱ्याने पाय मोडून घेतला तर मालकावर दावा लागू नये, म्हणून फुकट प्रवेश देणाऱ्या मालकाला पन्नासही राज्यांत कायद्याने संरक्षण आहे.

वन्यजीवांच्या कामाला पैसा येतो तो बराचसा शिकाऱ्यांच्या खिशातून. परवान्याची फी, १९३४ पासूनचा बदकांचा स्टॅम्प, आणि १९३७ च्या कायद्याने बंदुका-काडतुसांवरचा ११ टक्क्यांपर्यंतचा कर. परवान्याच्या फीमुळे वॉर्डनचा पगारही बराचसा शिकाऱ्यांवर अवलंबून, तो ज्यांच्यावर नजर ठेवतो त्यांच्यावर. आणि शिकारी अवलंबून जमीनमालकावर, कारण टेक्सासच्या पंच्याण्णव टक्क्यांत पाय ठेवायचा तर कुणीतरी ‘या’ म्हणावं लागतं.

मेन राज्याने हे नीट ओळखलं आहे. तिथेही बहुतांश जमीन खासगी, पण रिवाज जुना: पाटी नसेल तर या. १६४० च्या दशकातल्या वसाहतकालीन हुकुमाने तिथे दहा एकरांहून मोठ्या नैसर्गिक तळ्यांवर सगळ्यांचा हक्क मान्य केला आणि त्यांच्यापर्यंत न कसलेल्या जमिनीतून पायी जायची वाटही दिली. तळ्यांचा हक्क सोडला तर बाकीचा मोकळेपणा कायद्याने टिकलेला नाही. कुठल्याही मालकाने उद्या हजार पाट्या ठोकल्या तर त्याला अडवता येणार नाही. म्हणून तिथल्या वन्यजीव खात्यात जमीनमालकांशी संबंध सांभाळणारा वेगळा विभाग आहे. मालक पाट्या का लावतात याचं उत्तर बहुतेक वेळा शिकारीत नसतं. कुणीतरी जंगलात जुने टायर टाकून गेलं, फ्रीज फेकला, चिखलात गाडी रुतवून वाट उखडली, हे त्याचं कारण. म्हणून मेनमध्ये ‘लँडओनर ॲप्रिसिएशन’चा दिवस साफसफाईने साजरा होतो. त्या दिवशी वॉर्डन आणि वनखात्याची माणसं, शिकारी, स्वयंसेवक सगळे मिळून खासगी जंगलांत टाकलेले टायर, गाद्या आणि भंगार ट्रकांत भरतात, एखाद्या कंपनीच्या किंवा कुटुंबाच्या जमिनीतून, एक पैसा न घेता. पुढच्या शरदात त्या जमिनीवर पाटी लागली नाही तर तेवढंच त्यांना पुरेसं असतं.